उजव्या कोपऱ्यातली सावली

टीव्ही असो, मोबाइल असो, लोक स्क्रीनचं कौतुक करतात ते पुढून बघून. पाठीमागे काय आहे ते कोण बघायला जातो? आणि सगळी गंमत तिथेच असते, बरं का. स्क्रीन काही आपल्या मनाने उजळत नाही. तिच्या कडेला बारीक एलईडी दिव्यांची रांग असते, त्यांचा उजेड एका पारदर्शक पाटीत शिरतो, आणि त्या पाटीच्या मागे असते एक पांढरी शीट, कागदासारखी पातळ. मागे पळणारा उजेड अडवायचा आणि पुढे ढकलायचा, एवढंच तिचं काम. ती नसेल तर निम्मा उजेड मागच्या मागे फुकट.

मरोळच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, दुसऱ्या मजल्यावरच्या गाळ्यात, नेत्रा दिवसभर ह्या पांढऱ्या शीटच्या मागे लागलेली असायची. तिच्या आईला, जयाला, बाजारात कुणी विचारलं, "पोरगी काय करते गो तुझी?" तर ती पापलेट पालथं करता करता सांगायची, "स्क्रीनच्या मागे पांढरा कागद लावते." समोरची बाई म्हणायची, "बस? एवढ्यासाठी इंजिनीअर झाली?" त्या बाईच्या वाट्यात मग एक बोंबील कमी पडायचा.

घर वेसाव्याच्या, म्हणजे वर्सोव्याच्या, कोळीवाड्यातलं. नेत्राचा बाप हरेश्वर स्वतःच्या बोटीचा तांडेल होता. तांडेल म्हणजे बोटीवरचा मुख्य, सुकाणू ज्याच्या हातात तो. हरेश्वरचा आवाज एवढा मोठा, की तो जेट्टीवर उभा राहून खलाशाला हाक मारायचा तेव्हा तिकडे मढच्या किनाऱ्यावरची कुत्री भुंकायची, असं लोक चेष्टेने म्हणत. पण नेत्राशी बोलताना हाच आवाज मऊ व्हायचा. एकुलती एक पोर. तिने शाळेत असताना पुठ्ठ्याचं घड्याळ बनवलं होतं, ते त्याने बोटीच्या केबिनमध्ये लावलं होतं आणि खलाशांनी वेळ विचारली की त्या पुठ्ठ्याकडे बोट दाखवायचा. काटे कायम दहावर. "दहा वाजले," तो सांगायचा. दुपार असली तरी दहाच.

तर झालं काय, की नेत्राच्या कंपनीला बोटीवरच्या स्क्रीनचं काम मिळालं. पाणी किती खोल, खाली मासे आहेत का, हे दाखवणारं यंत्र असतं ना, त्याची स्क्रीन. जुन्या स्क्रीन उन्हात काही दिसायच्या नाहीत. हरेश्वर डोक्यावर शर्ट ओढून आत तोंड घालून आकडे वाचायचा, आणि वाचताना त्या कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. दिवे मोठे लावावेत तर बॅटरी बसते. मग उरलं काय? मागची शीट. नेत्राने महिनोन् महिने खपून नवी शीट तयार करवून घेतली. जुनीपेक्षा पातळ, जुनीपेक्षा पांढरी, पोटात डोळ्यांना न दिसणारे बुडबुडे. तेवढ्याच बॅटरीत स्क्रीन लखलखीत. बोटीच्या इंजिनाच्या थरथराटाने जुनी शीट जागेवरून सरकायची, म्हणून तिने ही नवी शीट चारी बाजूंनी टेपने घट्ट चिकटवली. हलायलाच नको, म्हणजे प्रश्नच मिटला.

"लॅबमध्ये झकास आहे," कंपनीचे मालक निमेशभाई म्हणाले, "पण समुद्रावर कोण बघणार? समुद्र काय मी मरोळला आणू?"

"घरचीच बोट आहे की," नेत्रा म्हणाली.

हरेश्वर आपल्या बोटीला कुणाला हात लावू द्यायचा नाही. एकदा कुणा मेकॅनिकने न विचारता खिळा ठोकला तर त्याला खाडीच्या चिखलातून परत पाठवला होता. पण नेत्रा स्क्रीन घेऊन आली तेव्हा त्याने स्वतः फडक्याने फळी पुसली, स्वतः स्क्रू धरले. केबिनच्या पत्र्याखाली, इंजिनाच्या डोक्यावर, ऐन समोर, पुठ्ठ्याच्या घड्याळाशेजारी ती स्क्रीन बसली.

उन्हाळाभर ट्रायल चालली. दुपारच्या वेळी, किनाऱ्याजवळ फोनला रेंज मिळाली की नेत्रा विचारायची, "बाबा, स्क्रीन कशी दिसते?"

"झकास!"

"ऊन आहे ना पण? उन्हात दिसते?"

"झकास!"

"काही कमीजास्त?"

"अगो बाय, झकास म्हटलं ना! ठेव आता, जाळं ओढायचं हाय."

संध्याकाळी बोट जेट्टीला लागली की ती स्वतः चढून बघायची. इकडून तिकडे एकसारखा पांढरा उजेड, दुधावर साय धरावी तसा. ती खूश. ट्रायलच्या रिपोर्टमध्ये तिने लिहून टाकलं, की भर उन्हात स्पष्ट दिसते, वापरणाऱ्याची काही तक्रार नाही. निमेशभाईंनी पहिला लॉट काढायची तयारी सुरू केली.

मग मासेमारीबंदी लागली, पाऊस आला, बोट किनाऱ्यावर ताडपत्रीखाली झोपली. श्रावण लागला. घरोघरी जाळी दुरुस्त व्हायला लागली, नारळी पुनवेची चाहूल लागली. आणि एका संध्याकाळी, सुकटीच्या कालवणात भाकरी बुडवता बुडवता, हरेश्वर म्हणाला, "यंदा पुनवेला नारळ मी देईन. सुकाणू हितेश धरील."

जयाच्या हातातला डाव तसाच राहिला. "ताप आलाय का तुम्हाला?"

"मना काय होतंय? हितेश तयार झालाय. पुतण्या म्हणजे पोरगाच. त्याला कधीतरी द्यायचंच हाय."

"कधीतरी म्हणजे आता? साठी तरी होऊ दे!"

"बोललो ना. विषय संपला."

आता ह्यात एवढं काय, असं बाहेरच्या माणसाला वाटेल. पण त्या घरात एक रीत होती. पुनवेला समुद्राला नारळ दिला, की जो सुकाणू धरून बोट खाडीबाहेर काढील तो तांडेल. आणि एकदा दुसऱ्याच्या हातात दिलेलं सुकाणू परत मागत नाहीत. मागणाऱ्याचं हसं होतं आणि धरणाऱ्याचा अपमान. म्हणजे पुनवेला हरेश्वरने हात काढला की काढला. मग जेट्टीवर बसायचं, पत्ते खेळायचे, दुसऱ्यांच्या बोटी मोजायच्या. हरेश्वर आणि पत्ते! ह्या माणसाला जमिनीवर झोप लागत नाही अशी त्याची गत.

नेत्राने त्याला खोदून खोदून विचारलं. "बाबा, कुणाशी भांडलास का? हितेशने मागितलं का?"

"हितेश बिचारा कुठे मागतोय. घाबरलाय तो."

"मग?"

"वय झालं गो."

वय झालं म्हणे! तीन टोपल्या बर्फ एका दमात उचलणारा माणूस. नेत्राला रडू यायला लागलं. कारण तो खोटं बोलतोय हे तिला कळत होतं आणि खोटं का बोलतोय ते कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्याने बोटीवर चढून स्क्रीन सोडवली, स्वतःच्या धुतलेल्या लुंगीत गुंडाळली आणि तिच्या हातात दिली. "तुझी वस्तू तू घेऊन जा. हितेशला जुनी चालेल."

"का? ही झकास आहे ना?"

"झकास हाय," हरेश्वर म्हणाला, आणि तिच्याकडे न बघता ताडपत्रीची दोरी आवळायला लागला.

नेत्राने लुंगीतली ती गुंडाळी मरोळला नेली. कामात मन लागत नव्हतं. बाप समुद्र सोडणार आणि आपण इथे टेपा चिकटवत बसायचं, ह्या विचाराने तिचा जीव कासावीस होत होता. काहीतरी चाळा हवा म्हणून तिने स्क्रीन उघडली. खाऱ्या हवेने आत काय केलंय ते तरी बघू. गंज नव्हता, ओल नव्हती. पांढरी शीट तशीच पांढरी. मग तिने ती उजेडाकडे तिरकी धरली, तर उजव्या कोपऱ्यात, दिव्यांच्या रांगेजवळ, एक बारीकशी घडी. इस्त्री करूनही जात नाही तशी.

"विनिता, ही सुरकुती कसली गं?"

विनिता टेस्टिंग बघायची. तिने घडीवरून बोट फिरवलं. "दाबली गेली असेल कुठेतरी."

"दाबली कशी जाईल? बंद डब्यात होती." नेत्राने शीट परत उजेडात धरली. तिच्या डोक्यात काहीतरी खटकलं. ओव्हनमध्ये त्यांनी शीट तापवली होती, पण नुसतीच, मोकळी. थरथरत्या टेबलावर पूर्ण स्क्रीन ठेवली होती, पण थंड. बसवलेली स्क्रीन तापवून बघितलीच नव्हती. दोघी शहाण्या, आणि दोघींना हे सुचलं नव्हतं. "विनिता, ही पूर्ण जोडू आणि चालू करून ओव्हनमध्ये ठेवू."

ठेवली. ओव्हनच्या काचेतून दोघी बघत राहिल्या. सुरुवातीला काही नाही, एकसारखा उजेड. मेच्या दुपारी पत्र्याच्या केबिनमध्ये असतो तेवढा ताप झाला, आणि उजव्या कोपऱ्यात हळूहळू एक सावली सरकली. शीट तापली, तिला पसरायचं होतं, आणि चारी बाजूंनी टेप. जाणार कुठे? कोपऱ्यात फुगा धरला आणि तिथला उजेड भलतीकडे गेला. अगदी काळोख नव्हे, पण मळकट पट्टा. नेमका तिथे, जिथे पाण्याच्या खोलीचा आकडा असतो. ओव्हन बंद केला, स्क्रीन गार झाली, तशी सावली गुपचूप निघून गेली. संध्याकाळच्या जेट्टीवर दिसायची तशी स्क्रीन पुन्हा साळसूद.

"वाट लागली," विनिता म्हणाली.

पण नेत्राच्या मनात वेगळंच चाललं होतं. ही सावली दर दुपारी पडत असणार. मग बाबा झकास झकास का म्हणत होता? आपल्या पोरीचं वाईट वाटू नये म्हणून? तिला त्याचा असा राग आला, की ती पर्स उचलून तडक घरी निघाली.

हरेश्वर ओटीवर जाळं घेऊन बसला होता. सुई सपासप चालत होती, एक गाठ चुकत नव्हती. नेत्रा समोर उभी राहिली.

"बाबा, खरं सांग. दुपारी स्क्रीन कशी दिसायची?"

"झकास."

"उजव्या कोपऱ्यात काळं दिसायचं की नाही?"

सुई थांबली. हरेश्वरने आधी घरात डोकावून जया जवळपास नाही ना ते बघितलं. मग इतक्या हळू बोलला, की त्याचा आवाज तोच का असं वाटावं. "तुला कोणी सांगितलं? आईला बोलली नाय ना?"

"काय बोलले नाही?"

"माझ्या डोळ्यांचं."

नेत्रा ओटीवर त्याच्याजवळ बसली.

"कोणाला बोलू नको," तो म्हणाला. "दुपार झाली की मना त्या कोपऱ्यात दिसत नाय. आधी वाटलं ऊन लागलं. डोळ्यांवर पाणी मारलं, टोपी घातली. दुसऱ्या दिवशी परत तेच. मग हितेशला हाक मारली, म्हटलं बघ रे, पाणी किती हाय. त्याने पटकन आकडा सांगितला. त्याला दिसतो, मना नाय. मग काय समजायचं ते समजलो."

"डॉक्टरकडे का नाही गेलास?"

"डॉक्टर सांगेल, मग आई सांगेल, मग अख्खा कोळीवाडा सांगेल." त्याने जाळ्याचा पदर मांडीवरून बाजूला केला. "तुझा आजा, राजाराम. त्याचं असंच झालं. नजर गेली तरी बोलला नाय. एक दिवस बोट दुसऱ्याच्या जाळ्यात घातली. केवढी भांडणं! शेवटी मी त्याच्या हातातून सुकाणू काढून घेतलं गो. माझ्या बापाच्या हातातून. मी तेव्हा पोरगाच होतो. तो नुसता माझ्याकडे बघत बसला, आणि त्याला धड दिसतही नव्हतं. ते मना अजून विसरता येत नाय. हितेशवर ती पाळी नको. कोणी काढून घ्यायच्या आधी आपणच द्यावं."

नेत्राच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. "बाबा," ती म्हणाली, "तुझे डोळे नाहीत ते. माझी शीट आहे. ती उन्हाने फुगते. माझी चूक आहे."

हरेश्वरने तिच्या डोक्यावर हात ठेवला. खरखरीत, मिठाने खाल्लेला हात. "नको गो बाय. माझ्यासाठी स्वतःवर घेऊ नको. लहानपणापासून तुझं हेच. मांजरीने दूध सांडलं तरी म्हणायची, मी सांडलं."

"अरे पण खरंच—"

"बरं बरं. तुझी चूक. झालं?" आणि तो तिची समजूत काढतोय असा हसला.

आता ह्या माणसाला काय करावं? तिने बनवलेली वस्तू आणि स्वतःचे डोळे त्याने असे समोरासमोर ठेवले होते, आणि खोट कुणात आहे ह्याचा निकाल कधीच देऊन टाकला होता. नेत्राने बरीच डोकेफोड केली. शेवटी ती म्हणाली, "उद्या माझ्याबरोबर मरोळला चल. हितेशलाही घे."

दुसऱ्या दिवशी हरेश्वर त्यांच्याबरोबर वर्सोव्याहून मेट्रोत बसला. इस्त्रीचा शर्ट घातला होता, केसांना तेल लावलं होतं, लग्नाच्या याद्या करायला निघावं तसा. हितेश बाजूला चुळबुळत होता. त्याला फक्त एवढंच माहीत होतं, की काहीतरी गडबड आहे आणि तिच्यात आपण आहोत.

गाळ्यात सुतकी वातावरण होतं. सगळी हकिगत नेत्राने सकाळीच फोनवर सांगितली होती, त्यामुळे निमेशभाई डोकं धरून बसले होते. पहिला लॉट थांबवायचा म्हणजे गिऱ्हाइकाला काय तोंड दाखवायचं? विनिताने ओव्हन चालू केला. हरेश्वर काचेसमोर उभा राहिला, हात पाठीमागे, देवळात उभा राहतो तसा.

स्क्रीन लखलखीत होती. ताप चढत गेला. आणि उजव्या कोपऱ्यात ती आली.

हरेश्वर दचकला. काचेला नाक लावून बघितलं. डोळे चोळले, परत बघितलं. डावा डोळा झाकून, मग उजवा झाकून. मान कलती केली. सावली जिथल्या तिथे. मग तो विनिताकडे वळला आणि घाबरत घाबरत विचारलं, "पोरी, तुला दिसते?"

"काय काका?"

"ही. काळी."

"दिसते ना! केवढी मोठी आहे."

"नक्की? माझ्यासाठी म्हणून बोलत नाय ना?"

"काका, मला पगार चुका दाखवायचाच मिळतो."

तो निमेशभाईंकडे गेला. "शेठ, तुम्हाला दिसते?"

"मला तर आता झोपेतही हीच दिसणार," निमेशभाई म्हणाले.

हरेश्वरने चहा घेऊन आलेल्या सुगंधाबाईंना हाताला धरून ओव्हनपाशी आणलं. "बाई, तुमचं वय काय? चष्मा लागलाय? असू दे. इथे काय दिसतं?" सुगंधाबाई म्हणाल्या, कोपरा मळलाय, पुसायला हवा. मग त्याने हितेशला पुढे ओढलं.

"हे काय, बोटीवर असंच व्हायचं की," हितेश म्हणाला. "मी हाताचा आडोसा करून, अगदी वाकून वाचायचो."

"मग बोलला का नाय, गाढवा?"

"तुम्ही आकडा विचारला, मी आकडा सांगितला. काळं आहे का ते कुठे विचारलं?"

हरेश्वर त्याला मारायला धावला असं वाटलं सगळ्यांना. पण त्याने हितेशला मिठी मारली. मग नेत्राला. आणि मग तो मढच्या कुत्र्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला, "सगळ्यांना दिसते गो बाय! सगळ्यांना दिसते!" आणि हसता हसता रडायला लागला. इस्त्रीच्या शर्टाने डोळे पुसायला लागला. शेजारच्या गाळ्यातले दोघं काय झालं म्हणून डोकावून गेले.

"इथे माझ्या कंपनीची वाट लागली," निमेशभाई म्हणाले, "आणि हे पेढे वाटायला निघालेत." पण त्यांचाही आवाज जरा ओला झाला होता.

आणि नेत्रा? महिनोन् महिन्यांचं काम तिच्या डोळ्यांदेखत फुकट गेलं होतं, आणि तिला वाटत होतं, की त्या फुगलेल्या कोपऱ्याची दृष्ट काढावी. चुकीचा एवढा आनंद तिला आयुष्यात कधी झाला नव्हता. पण राग होताच. चहा पिताना तो बाहेर आला.

"मला एकदा तरी सांगायचंस ना, बाबा. तू झकास म्हणालास, मी लिहून टाकलं. हा लॉट गेला असता तर? सगळ्या बोटींवर हेच झालं असतं. किती तांडेल डोळे गेले समजून घरी बसले असते?"

हरेश्वरचा चेहरा उतरला. हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. "तू बनवलेली वस्तू," तो म्हणाला. "तिच्यात खोट असेल असं मनातच आलं नाय."

"खोट काढायलाच दिली होती तुला! पुढच्या वेळी झकास म्हणालास तर तुझी माझी कट्टी."

"नाय म्हणणार." मग जरा वेळाने, कप खाली ठेवता ठेवता, त्याने विचारलं, "पण तू चारी बाजूंनी आवळून का बांधलं गो? कोळ्याची पोर तू. जाळं दोरीला बांधताना आपण ढील ठेवतो ना?"

नेत्राने कपाळाला हात लावला. लहानपणी ओटीवर बसून तिने स्वतः ढील ठेवून जाळी बांधली होती. तिला हे ठाऊक नव्हतं असं नाही. मरोळच्या गाळ्यात शिरताना ती ते कोळीवाड्यातच ठेवून यायची, एवढंच.

ते मग तिने आणलं. नव्या रचनेत शीट एकाच बाजूला चिकटवली, दिव्यांपासून लांबच्या. बाकीच्या तीन बाजू फ्रेमच्या पातळ ओठाखाली नुसत्या सरकवल्या, मध्ये थोडी जागा सोडून. इंजिनाने थरथरली तरी बाहेर पडणार नाही, तापली तर हवी तेवढी पसरेल, गार झाली की परत आपल्या जागी. ह्या खेपेला विनिताने थरथरतं टेबलच ओव्हनमध्ये घातलं आणि दोन्ही छळ एकदम केले. सावली आली नाही. निमेशभाईंनी गिऱ्हाइकाला खरं काय ते सांगून मुदत मागितली, चार शब्द ऐकून घेतले, आणि जुने सगळे तुकडे स्वतःच्या हाताने कचऱ्यात टाकले.

जया मात्र एवढ्यावर ऐकणारी नव्हती. "ओव्हनमध्ये काय दिसलं ते मला सांगू नका. डॉक्टरने सांगितल्याशिवाय सुकाणूला हात लावायचा नाही," तिने बजावलं आणि नवऱ्याला अंधेरीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, जवळचं वाचायला चष्मा लावा, लांबची नजर तरण्या पोरासारखी आहे. हरेश्वरने त्यांना तिथल्या तिथे पुनवेचं आमंत्रण दिलं.

नारळी पुनवेला कोळीवाडा नटला. बोटीला नवा रंग, पताका, झेंडूच्या माळा. हरेश्वरने सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ समुद्राला दिला, हात जोडले, आणि मागे वळून बघितलं. हितेश मागे उभा होता. त्याने दोन्ही हात पाठीमागे बांधून घेतले होते, चुकूनही सुकाणूला लागू नयेत म्हणून.

"धरा ना काका," तो म्हणाला. "माझा जीव टांगणीला लावला होता तुम्ही."

हरेश्वरने सुकाणू धरलं. राजारामाचं नाव घेतलं असावं, कारण ओठ हलले. बोट खाडीबाहेर निघाली तेव्हा जया जेट्टीवर नाचत होती आणि नेत्राला काही म्हणजे काही दिसत नव्हतं, डोळे इतके भरले होते.

नवी स्क्रीन पुठ्ठ्याच्या घड्याळाशेजारी बसली होती. पावसाळी ढग हटून कडकडीत ऊन पडायला काही दिवस गेले. मग एका दुपारी नेत्रा टेबलाशी काम करत असताना फोन वाजला. आजवर तो स्वतः कधी फोन करत नसे, नेहमी तिनेच करायचा. तिने घाईघाईने उचलला. पाठीमागे इंजिनाचा ठकठकाट चालला होता.

"बाबा? काय रे? स्क्रीन झकास आहे ना?"

"कसलं झकास!" हरेश्वर गरजला. "कोपरा साफ हाय, तो सुटलाय. पण डावीकडे वर एक ठिपका जास्तीच चमकतो. आकडे बारीक हायत. आणि ते बटण ओल्या हाताने दाबलं की सटकतं. कोणी बनवलं हे? लिहून घेतेस ना?"

ठिपका तेवढा तिच्या शीटचा होता. आकडे आणि बटण तिचं कामच नव्हतं. नेत्राने पेन उचललं. ती हसत होती, आणि विनिता समोरून खुणेने विचारत होती, काय झालं, काय झालं.

"लिहिते, बाबा," ती म्हणाली. "अजून?"

"अजून हाय. बोलू?"

"बोल ना. सगळं बोल."